कारण इतिवृत्तात लिहावे

“जरा पाय उचलता का?”

आवाज जमिनीतून आला आणि मी दारातच थबकले. बाहेर ऑगस्टचा पाऊस धो धो कोसळत होता. ओढणीखाली जपून आणलेलं छपाईचं स्टेन्सिल, चपलांतून टपटपणारं पाणी… आणि छपाईच्या खोलीत सायक्लोस्टाइल यंत्राखालून बाहेर आलेले दोन लांबलचक पाय!

“कुठला पाय?” मी विचारलं.

“डावा. त्याच्याखाली माझा स्क्रू आहे.”

मी पाय उचलला. शाईनं काळाकुट्ट झालेला एक हात आला, स्क्रू घेऊन गेला. मग यंत्राच्या बाजूनं एक चेहरा वर आला. गालावर शाईचा पट्टा, आणि डोळे असे की जणू मीच त्याला काहीतरी मजेशीर सांगितलंय. खरं सांगते, मला तो तिथल्या तिथं आवडला. पण मी अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांना असलं काही होत नसतं अशी माझी ठाम समजूत होती.

“मुलींच्या मंडळाची नियमावली आहे,” मी शक्य तितक्या रुक्षपणे म्हटलं. “पन्नास प्रती. आज.”

“आज? यंत्र आजारी आहे.”

“मग डॉक्टर काय करतायत?”

“डॉक्टरांच्या स्क्रूवर पेशंटचे नातेवाईक उभे होते,” तो म्हणाला.

त्याचं नाव भावेश नाखवा. उरणजवळच्या करंज्याचा, मासेमारी करणाऱ्या घरातला, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून त्याला छपाईचं काम मिळालं होतं, आणि त्याच कामावर त्याचं शिक्षण चाललं होतं.

आता मंडळाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पनवेलच्या आमच्या कॉलेजात मुलींची तीन मंडळं होती. वसतिगृहातल्या मुलींचं शेवंती, गावातल्या मुलींचं जुई, आणि उरणकडून रोज एस.टी.नं येणाऱ्या आम्हा मुलींचं अबोली. या तिघींच्या डोक्यावर एक संयुक्त मंडळ. प्रत्येकीच्या दोन प्रतिनिधी, म्हणजे सहा मतं. अध्यक्षपद दरवर्षी पाळीनं फिरायचं. अध्यक्षाला एरवी मत नाही, पण तीन-तीन झाले की तिच्या मतानं निकाल लागायचा. आणि झालेला प्रत्येक ठराव प्रतिनिधींनी तीन दिवसांत आपापल्या मंडळात वाचून दाखवायचा, म्हणजे कुठल्या मुलीला ‘आम्हाला कुणी विचारतच नाही’ म्हणायला जागा नको. त्या वर्षी, एक्क्याण्णव साली, पाळी अबोलीची होती आणि खुर्चीत होते मी, रंजिता म्हात्रे, मोरा गावच्या मिठागरवाल्याची लेक.

भावेशनं स्टेन्सिल उजेडाकडे धरलं आणि चक्क वाचायला लागला.

“‘कलम नऊ. चर्चेतील विषयाशी जिचा वैयक्तिक संबंध असेल तिने खुर्ची सोडावी व कारण इतिवृत्तात लिहावे.’ बापरे! हे कुणाला सुचलं?”

“आधीच्या अध्यक्षांना. त्यांच्या मावसबहिणीचं प्रकरण आलं होतं.”

“म्हणजे मावसबहीण असली की उठायचं. आणि… दुसरं काही असलं तर?”

“दुसरं काय?”

“काय सांगावं! खुर्चीत मुलगी, विषयात एखादा मुलगा…”

“आमच्या मंडळात मुलांचे विषय येत नाहीत.”

“अरेरे,” तो अगदी मनापासून म्हणाला. “मग मुलांनी यायचं कुठून?”

मी ओढणी झटकली आणि तडक बाहेर पडले. पण त्या दिवसापासून मंडळाचे कागद मी चिटणीस गोदूकडे न देता स्वतःच खाली नेऊ लागले. गोदू अबोलीची प्रतिनिधी, माझ्याच गावची, लहानपणापासूनची मैत्रीण. ती नुसती बघायची आणि म्हणायची, “ने बाय, ने. मना काय, तेवऱ्याच पायऱ्या वाचतात.”

संध्याकाळी उरणच्या बसला तोही असायचा. आमचा शेवटचा तास कायम लांबायचा आणि आम्ही मुली वह्या छातीशी धरून स्टँडकडे पळत सुटायचो. सव्वापाचची गाडी चुकली की पुढची पावणेसातला, आणि मग घरी पोचेपर्यंत अंधार. भावेश मात्र आधीच पोचलेला असायचा. एक पाय पायरीवर, एक खाली, आणि कंडक्टरला करंज्याच्या बाजारात आज काय आलंय ते रंगवून सांगत उभा. पापलेटाचं वर्णन संपेपर्यंत गाडी हलायची नाही. आम्ही चढलो की त्याची पापलेटं संपायची. मागं जाऊन बसताना तो माझ्याकडे बघायचा… एवढंच. त्या ‘एवढंच’वर मी मोऱ्यापर्यंत जायची.

घरी बापानं आधीच बजावलं होतं, “कालेजला जा, पन येक सबूद कानावर आला, तं घरान बसायचा.” बाप वाईट नव्हता. पण त्याचा शब्द म्हणजे शब्द.

नोव्हेंबरात आमच्या मंडळानं एक ठराव केला: एस.टी.नं येणाऱ्या मुलींचा शेवटचा तास वीस मिनिटं अलीकडे घ्यावा. प्राध्यापकांच्या कानावर जाण्याआधी तो थेट प्राचार्यांकडे न्यायचा, तोवर आपापल्या मंडळातही वाचायचा नाही, असं ठरलं, कारण मध्ये कुणाला राग आला तर काम बिघडलं असतं. मी स्टेन्सिलवर तो स्वतः लिहिला, भावेशनं छापला. आणि चार दिवसांत सगळ्या सरांना ठराव पाठ! सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, प्राचार्यांनी आमचा अर्ज बाजूला ठेवून दिला.

“फोडला कुणी?” शेवंतीची सुनीता पेटली. ती मंडळाची उपाध्यक्ष, बोलायला तिखट, पण वागायला सरळ. “आपण सात जणी सोडून कागद कुणी पाहिला? छपाईवाल्यानं! त्याला त्या खोलीतून काढा, अशी मंडळानं शिफारस करावी. मी विषय मांडते.”

मंडळाची शिफारस कार्यालय सहसा मोडत नसे. काम गेलं असतं तर भावेशचं शेवटचं वर्षही गेलं असतं.

मी बोटांवर मतं मोजली. शेवंतीच्या दोघी आणि जुईची एक त्याच्या विरुद्ध. बाकी तिघी त्याच्या बाजूनं. तीन-तीन. म्हणजे निकाल माझ्या मतावर! मी गप्प खुर्चीत बसून राहिले की भावेश वाचला. मी उठले की खुर्ची सुनीताकडे, तिचं स्वतःचं मत आणि वर निकालाचंही, म्हणजे भावेश गेला. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. फक्त ते कलम नऊ… ते माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं.

सभेच्या आदल्या दिवशी तो बसमध्ये पहिल्यांदाच माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसला.

“उद्या सभा आहे ना?”

“हो.”

“मी कुणाला काही सांगितलेलं नाही.”

“मला माहीत आहे.”

“तुम्ही… खुर्चीत असाल?”

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मिठागरांवर उन्हं कलली होती. ‘हो’ म्हणता आलं नाही, आणि ‘नाही’ म्हणायची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलींच्या खोलीत सगळ्या जमल्या. कोपऱ्यात सल्लागार सत्यवती मॅडम पेपर तपासत बसल्या होत्या. त्यांनाही मत नव्हतं, पण शेवटी सही त्यांचीच लागायची आणि मग वही प्राचार्यांकडे जायची. सुनीतानं विषय मांडला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठून उभी राहिले. “मी… खुर्ची सोडते. कलम नऊ.”

पेपर तपासणारं मॅडमचं पेन थांबलं.

“कारण?” गोदूनं वहीतून मान वर न करता विचारलं.

“वैयक्तिक संबंध.”

“कसला संबंध? नात्यातला हाय?”

“नाही.”

“गाववाला? तो तं करंज्याचा.”

“गोदू, नुसतं ‘वैयक्तिक’ लिही ना!”

“नियमान ‘कारण’ लिवायचा सांगितलाय. मी चिटनीस हाय,” गोदू म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या लबाड डोळ्यांना सगळं माहीत होतं. “बोल बाय. पेन सुकतंय.”

माझे कान तापले. बापाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मतही गेलं, अब्रूही गेली, आता कॉलेजही जाणार… पण खोटं बोलून त्याला वाचवलं असतं, तर पुन्हा त्याच्या नजरेला नजर देता आली नसती. अध्यक्ष म्हणूनच नव्हे, रंजिता म्हणूनसुद्धा.

“माझं त्याच्यावर प्रेम आहे,” मी म्हटलं.

गोदूची लेखणी कागदावर करकरत गेली. मी दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले, आणि गंमत म्हणजे भीती वाटायच्या ऐवजी मला एकदम हलकं वाटलं. जे व्हायचं ते होवो, एकदाचं बोलून तर झालं!

खुर्चीत आता सुनीता आली. मत घेण्याआधी वादाचा कागद अध्यक्षानं मोठ्यानं वाचायचा, असा आमचा रिवाज. तिनं फायलीतून त्या सभेच्या ठरावांची प्रत काढली.

“विषय एक, वाचनालयाची वेळ. विषय दोन, पिण्याच्या पाण्याची टाकी. विषय तीन, स्नेहसंमेलन. विषय चार…”

ती थांबली. कागद उलटा केला, सुलटा केला. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“यावर ‘गोपनीय’ कुठंय?”

“म्हणजे?” जुईच्या मुलीनं विचारलं.

“गोपनीय ठरावावर वरती तसं लिहितात. म्हणजे तो मंडळात वाचायचा नसतो. पण यावर शब्दच नाही… मग मी वाचला!” सुनीतानं कपाळावर हात मारला. “मेसमध्ये, ताक वाढत होते तेव्हा! पाण्याची टाकी, संमेलन, तास… सगळं एका दमात वाचून टाकलं. पन्नास मुलींनी ऐकलं. अगं, त्यातल्या दोघी तर सरांच्या शिकवणीला जातात!”

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” गोदू पुटपुटली.

“चोर मी आहे,” मी बाकावरून उठले. “स्टेन्सिल मी लिहिलं. तो शब्द मी विसरले.”

आणि मला लख्ख आठवलं. भावेशनं तेव्हा विचारलं होतं, ‘वर काही लिहायचं राहिलं नाही ना?’ तो इतका जवळ उभा होता की मी न बघताच ‘नाही, नाही’ म्हणून मोकळी झाले होते. हे कारण मात्र मी इतिवृत्तात जाऊ दिलं नाही.

सुनीतानं तक्रार मागं घेतली. नुसती मागं घेतली नाही, तर ‘सदर विद्यार्थ्याचा काहीही दोष नाही’ असा ठराव तिनंच मांडला आणि सहाच्या सहा मतांनी तो मंजूर झाला. मग माझ्याजवळ येऊन तिनं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी पिचली. “वेडे,” ती म्हणाली, “गप्प बसली असतीस तर मला तो जन्मभर चोर वाटला असता गं!”

सत्यवती मॅडमनी वही ओढून घेतली. सगळं सावकाश वाचलं, अगदी ‘ते’ वाक्यसुद्धा. माझा जीव टांगणीला लागला.

“मॅडम, हे प्राचार्यांकडे जाणार?”

“जाणारच.”

“आणि… माझ्या घरी कळलं तर?”

“कळलं तर वडिलांना माझ्याकडे पाठव. म्हणावं, मुलगी एका मुलासाठी खोटं बोलू शकत होती, बोलली नाही. असली मुलगी घरी बसवायची की शिकवायची, ते ठरवू दोघं मिळून.” त्यांनी सही केली. “आणि तो तासांचा अर्ज नव्यानं लिहा. सरांशी मी बोलते.”

मला रडू आलं. एवढे दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. डोळे पुसून पाहते तो गोदू गायब! वहीही नाही, तिनं सभेतच वहीवरून उतरवलेलं स्टेन्सिलही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला: इतिवृत्त छापायला जातं. खाली. त्याच्याकडे!

मी दोन-दोन पायऱ्या उतरत पळाले. पण उशीर झाला होता. भावेश खिडकीशी उभा होता, स्टेन्सिल उजेडाकडे धरून. गोदू मला ओलांडून तोंड दाबत बाहेर सटकली.

तो वळला. आज त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

“दुरुस्ती सुचवायची आहे,” तो म्हणाला.

“सभा संपली. आता दुरुस्ती होत नाही.”

“पण यात चूक आहे.”

“कुठली?”

“‘अध्यक्षांचे सदर विद्यार्थ्यावर प्रेम आहे.’” वाचताना त्याचा आवाज चिरकला. “हे एकतर्फी वाटतंय.”

कॉलेजात तो कायम पुस्तकी बोलायचा, आणि मीही. पण आता स्टेन्सिल टेबलावर ठेवून तो दोन पावलं पुढं आला, आणि जीभ आपोआप घरच्या वळणावर गेली.

“रंजे… माजा पन हाय ना तुज्याव. कवापासून हाय. तेवरा का नाय लिवला?”

शाईचे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. मी ते धरले. माझी बोटं काळी झाली, तर होऊ देत.

“मंडळान पोरांचा ऐकून घेत नाय,” मी म्हटलं.

“मंग कुठं सांगू?”

“माज्या घरा ये. बापाला सांग.”

तो क्षणभर दचकला. मग छाती भरून श्वास घेतला. “आयतवारी येतो. होडीवरशी उतरलो का तसाच.”

“तसाच नको,” मी म्हटलं. “आंघोल करून ये.”

आणि कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले.