दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

हे आमच्या घरात घडलं आहे. मी जन्मभर पोरांना शिकवलं. त्यांना खोटं सांगितलं की ती लगेच ओळखतात, म्हणून खोटं सांगायची मला सवय नाही. निदान नव्हती.

गोष्ट गेल्या आडी या तमिळ महिन्यातली. तुमच्याकडे तेव्हा आषाढ सरत आलेला असतो. गाव तंजावर, पश्चिम राजवीधीच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर. वेळ मध्यरात्रीची नव्हती, दिवेलागणीची होती.

घरात आम्ही तिघं. मी, माझा धाकटा भाऊ वरुणराव, आणि त्याचा मुलगा साईराम. भावजय जाऊन बरीच वर्षं झाली. साईराम फौजेत आहे. बर्फातल्या एका चौकीवरून तो रजेवर आला होता.

आला, पण झोपत नव्हता.

जेवण पानात तसंच राही. कुकरची शिट्टी झाली की भिंतीला पाठ लावून उभा राही. मग आमच्याकडे बघून हसे आणि खाली बसे. ते हसणं बघवत नसे.

फौजेच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, मनावर ताण आलाय, इस्पितळात दाखल हो, उपचार घे. त्याने त्याऐवजी रजा मागून घेतली. वरुणरावला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की हे गल्लीत कळता कामा नये.

मग आम्ही गुडघा ठरवला.

गुडघा दुखावला म्हणून पोरगा घरी आलाय, असं सगळ्यांना सांगितलं. मेडिकलमधून बँडेज आणलं. कुणी आलं की साईराम ते बांधून बसे, उठताना लंगडे. सैन्यातला उंचापुरा पोरगा, बापासाठी लंगडायचं नाटक करत होता.

बँडेज मीच बांधून द्यायची.

संध्याकाळी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, माझी मराठी शिकवणी असते. आमच्याच, म्हणजे तंजावरी मराठी लोकांची पोरं येतात. घरात मराठी ऐकतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. देवनागरी अक्षर त्यांना चित्रासारखं वाटतं. मी घाई करत नाही. एक अक्षर आठवडाभर पुरवते.

त्यातली अखिला तिसरीत आहे. एक दिवस पाटीवरून मान वर न करताच म्हणाली, "टीचर, मामाचा गुडघा बदलला. काल डावा होता."

पोरं खो-खो हसली.

मी म्हटलं, दोन्ही दुखतात. आणि फळ्याकडे वळले. माझे कान तापले होते. आत साईरामने ऐकलं असणार.

त्याच संध्याकाळी मी समई लावत होते. साईरामच्या खोलीतून आवाज आला...

"ठीक हाय नव्हं?"

"ठीक," साईराम म्हणाला.

बस, एवढंच.

मित्राचा फोन असेल, मला वाटलं. दुसऱ्या दिवशी वात पेटवली, आणि पुन्हा तेच. तोच जाड, थोडा घोगरा आवाज. तोच प्रश्न. तेच उत्तर.

जेवताना मी वरुणरावला म्हटलं, बरं आहे, कुणीतरी रोज फोन करून त्याची चौकशी करतं.

वरुणरावने माझ्याकडे बघितलं.

"अक्का, त्याचा फोन मी परवाच दुरुस्तीला टाकलाय."

रसम गार झालं.

नंतरच्या शिकवणीत अखिलाने विचारलं, "टीचर, 'नव्हं' म्हणजे काय?"

मी विचारलं, कुठे ऐकलंस?

"आतले दुसरे मामा रोज विचारतात ना."

मी शिकवायला लागले. सवयच ती. म्हटलं, आपण 'नाही का' म्हणतो ना, तसंच ते. तिकडे साताऱ्याकडची माणसं असं बोलतात. आपल्या बोलीत हा शब्द नाही...

आणि माझा खडूचा हात थांबला.

आमच्या गल्लीत असं बोलणारं कुणीही नाही.

पोरं गेल्यावर मी साईरामजवळ बसले. तुझ्या खोलीत कोण बोलतं, म्हणून विचारलं. त्याचा चेहरा उतरला.

"तुलाही ऐकू येतं, आत्या?"

मग तो बोलला. भिंतीकडे बघत.

चौकीवर प्रत्येकाची जोडी लावलेली असते. जोडीदाराने जोडीदाराला सांभाळायचं. साईरामचा जोडीदार हणमंत. कोरेगावकडचा. आपल्या साईरामच्या मराठीला फार हसायचा. म्हणायचा, तू तमिळमध्ये मराठी बोलतोस. पहाऱ्यावर जाण्याआधी दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं, ठीक आहेस ना. आणि त्यांच्या उस्तादांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. पहिलं उत्तर नुसतं तोंडातून येतं. म्हणून दुसऱ्यांदा विचारायचं.

घरून काही वाईट कळल्यापासून हणमंतची झोप गेली होती. त्या संध्याकाळी साईरामने विचारलं. हणमंत म्हणाला, ठीक.

थंडी फार होती. चहा निवत होता.

साईरामने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हणमंत पहाऱ्यावरून उठून बर्फात चालत गेला. कुठे निघाला होता, कुणालाच कळलं नाही. सकाळी गोठलेला सापडला. साहेबांनी विचारलं तेव्हा साईरामने सांगितलं, तो ठीक होता.

"आता तो मला विचारतो," साईराम म्हणाला. "एकदाच विचारतो, आत्या. मी विचारलं होतं तसं."

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती लाज. पोराने एवढं ओझं घरी आणलं, आणि आम्ही त्याला बँडेज दिलं.

तरीही मी भावाला अडवलं नाही. रजा संपत आली. वरुणरावने ठरवलं, परत जायचं, झोप येते म्हणून सांगायचं, चौकीवर रुजू व्हायचं. इस्पितळात गेला तर नोंद खराब होईल. लोक वेडा म्हणतील. साईरामने मान हलवली. झोप नसलेला पोरगा पुन्हा हातात बंदूक घेऊन बर्फात उभा राहणार होता. मी त्याची पेटी भरून दिली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारचे वेंकटरमण निरोप द्यायला आले. पोरं शिकवणीला बसली होती. साईराम बँडेज बांधून तिण्णैवर आला. वरुणराव हसत सांगत होता, गुडघा एकदम बरा झाला, उद्या निघतोय.

मी आत गेले. समई लावली.

साईरामची खोली रिकामी होती. तिथून...

"ठीक हाय नव्हं?"

वेंकटरमणांनी वळून बघितलं. "आत कुणी पाहुणे आलेत?"

वरुणरावचं हसू तोंडावरच राहिलं.

"ठीक," साईराम हळूच म्हणाला.

दाराशी मी उभी होते. वारा नव्हता. पण समईची ज्योत खोलीकडे वाकली. आणि गारवा आला... तंजावरच्या आडीत, पाय बधिर होतील असा गारवा.

"ठीक हाय नव्हं?"

दुसऱ्यांदा. आजवर कधीच दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

आवाजात राग नव्हता. समोर उभं राहून तोंडाकडे बघत विचारावं, तसा होता.

साईराम खाली वाकला. त्याने सगळ्यांसमोर बँडेज सोडायला सुरुवात केली. वरुणराव तमिळमध्ये पुटपुटला, नको, नको. साईराम थांबला नाही.

"ठीक नाही," साईराम म्हणाला. "गुडघ्याला काही झालेलं नाही, अप्पा. मला झोप येत नाही. हणमंतही ठीक नव्हता. मी साहेबांना खोटं सांगितलं."

वरुणराव जमिनीकडे बघत राहिला. वेंकटरमण उठले. साईरामच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी गेले. अखिलाने खाली पडलेलं बँडेज उचललं आणि नीट गुंडाळी करून माझ्या हातात दिलं.

ज्योत सरळ झाली होती.

सकाळी साईराम गेला. चौकीवर नाही, आधी फौजेच्या इस्पितळात. साहेबांना त्याने सगळं सांगितलं. अजून तिथेच आहे. झोप थोडी थोडी येते. फोनवर बोलता बोलता थांबतो, पण बोलतो.

त्यानंतर घरात आवाज आला नाही. हणमंतला हवं ते मिळालं, असं मी धरून चालले.

वेंकटरमणांनी बाहेर एक शब्द काढला नाही. त्यामुळे गल्लीला अजून गुडघाच माहीत आहे. परवा देवळात एका बाईंनी विचारलं, साईरामचा गुडघा कसा आहे?

मी म्हटलं, बरा होतोय.

तोंडातून गेलं. बरोबर आलेली अखिला माझ्याकडे बघत होती.

घरी आले. वरुणराव बाहेर गेला होता. मी समई लावली. साईरामच्या बंद खोलीतून...

"ठीक हाय नव्हं?"

माझ्या हातातली काडी विझली. घरात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

"ठीक," मी म्हणाले.

पायांना गार लागलं. आवाज आता खोलीतून आला नाही. माझ्या समोरून आला. अगदी तोंडासमोरून.

त्याने दुसऱ्यांदा विचारलं.