सातव्या खुंटीवरचा बिल्ला

सकाळी सहाच्या ओहोटीला हॉटेलात उतरलेल्या ठेकेदाराचा मृतदेह सापडला. अवशेषांमधल्या दोन खांबांच्या फटीत, गुडघ्यांवर बसल्यासारखा. फुप्फुसांत पाणी होतं.

किनाऱ्यावरच्या हॉटेलच्या दारात फळा होता : शिंपले वेचा, पाण्याखालचं कोरीवकाम पाहा, प्राचीन नगरीपर्यंत चालत जा. नगरी खडकावर होती. ओहोटीला वाळूची वाट कमरेएवढ्या पाण्यात यायची. काल संध्याकाळी साडेसहानंतर वाट बुडाली होती, आणि मग खडकही.

"मॅडम, सरळ केस आहे," मॅनेजर म्हणाला. "नावाड्यानं माणूस मागे ठेवून होडी ओढून घेतली. त्याला घेऊन जा, म्हणजे पाहुणे तरी शांत होतील."

"तुमचे पाहुणे मी सांभाळत नाही," पोलीस निरीक्षक बाई म्हणाल्या. "त्याला बोलवा."

नावाडी पन्नाशीचा होता. परवाना त्यानं स्वतःहून काढून टेबलावर ठेवला.

"किती जण गेले?"

"बारा. मी डोकी मोजली. बाराही खुंट्या रिकाम्या होत्या."

"खुंट्या कसल्या?"

"बिल्ल्यांच्या. जाताना प्रत्येकाला एक पितळी बिल्ला गळ्यात. परतताना लोक आपला आपण खुंटीवर अडकवतात. बाराही भरल्या की मी लाल निशाण उतरवतो आणि होडी ओढून घेतो."

"परतताना डोकी मोजत नाही?"

"काही जण पोहत येतात, काही होडीतून. डोक्यांचा हिशेब लागत नाही, म्हणून तर बिल्ले. काल साडेसहाला बाराही जागेवर होते."

"ठेकेदाराला ओळखत होतात?"

त्यानं टेबलावरचा परवाना सरळ केला. "पूर्वी एका शाळेचं छप्पर पडलं होतं. त्या चौकशीत मी साक्षीदार होतो, बांधकाम त्याचं होतं. परवा भेटला तेव्हा नमस्कार केला."

"बिल्ले देतं कोण?"

"ताई. सामानघरात असते. माझी थोरली बहीण."

सामानघरात रबराचा वास होता. सगळे जिला मावशी म्हणत ती बाई पाण्यातले चष्मे पुसून ठेवत होती. पट्टे चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर अंगाला लावायची पावडर टाकत होती. तिची बोटं पांढरी होती, एप्रनचा खिसाही.

"मावशी, काल ठेकेदाराला बिल्ला दिलात?"

"सात नंबर. सगळ्यांना देते, त्याला का नाही देणार?"

"तो परत आल्याचं पाहिलंत?"

"मी आत असते. दिवसभर पाहुण्यांच्या शेंबडाचे चष्मे धुते, येणारेजाणारे कुठे बघू?"

"तुमच्या भावाचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय," ती म्हणाली आणि पुढचा चष्मा उचलला.

निरीक्षक बाई बाहेर आल्या. बाराही बिल्ले अजून खुंट्यांवरच होते. नावाडी ते रोज सकाळी गोड्या पाण्यानं धुवायचा. आज कुणाला सुचलंच नव्हतं. वाळलेल्या पितळेवर पांढरा थर होता, सगळ्यांवर सारखाच.

बाईंनी बाटलीतलं पाणी बुचात घेतलं आणि प्रत्येक बिल्ल्यावर एकेक थेंब सोडला. मग बोट लावून चाखलं. मॅनेजर तोंड वाकडं करून बघत राहिला.

सातव्या बिल्ल्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. नंतर त्यांनी दोन फोन केले आणि बहीणभावाला समोर बसवलं.

"अकरा बिल्ल्यांवरचा थर थेंबात विरघळला," त्या म्हणाल्या. "मीठ आहे. सातव्यावरचा विरघळला नाही, थेंबावर तरंगला. चव नाही, वास मात्र आहे. ती पावडर आहे."

नावाड्यानं बहिणीकडे पाहिलं. बाई पुढे बोलत राहिल्या.

"म्हणजे सातवा बिल्ला समुद्रात गेलाच नाही. पण निघताना तो खुंटीवरही नव्हता. मग साडेसहापर्यंत होता कुठे? पावडरीच्या खिशात. ठेकेदार नवा होता, बिल्ला लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तुम्ही खुंटी रिकामी केलीत, पण बिल्ला त्याच्या गळ्यात घातला नाहीत. बरोबर, मावशी?"

"पुढे?"

"तो पोहणारा नव्हता. सगळे निघाल्यावर तो थांबला, कारण त्याला कुणीतरी थांबायला सांगितलं होतं."

"मी सांगितलं," मावशी शांतपणे म्हणाली. "सूर्यास्त तिथूनच बघा, आठपर्यंत पाणी येत नाही, माझा भाऊ होडी घेऊन येईल. हसून थँक्यू म्हणाला. माझ्या पोरीचं नाव सांगितलं असतं तरी त्याला आठवलं नसतं."

नावाड्यानं मान वर केली. "ताई..."

"छपराखाली तुमची मुलगी होती," निरीक्षक बाई म्हणाल्या. "चौकशीचे कागद मी मघाशी फोनवर वाचून घेतले. पण माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही बिल्ला फेकून देऊ शकला असता. मग खुंटी रिकामी दिसली असती, शोध झाला असता, तो कदाचित वाचला असता. म्हणून तो अडकवावा लागला, हे समजलं. पण त्यामुळे भाऊ अडकणार, हेही तुम्हाला माहीत होतं. सकाळपासून त्याला वाचवायला तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

मावशीनं हात एप्रनला पुसले.

"छप्पर पडलं तेव्हा हा शाळेच्या अंगणात उभा होता. वादळ होतं, वाऱ्यानं उडालं, असं यानं लिहून दिलं. ठेकेदार सुटला आणि दुसऱ्या महिन्यात याच्या होडीला नवं इंजिन आलं. नऊ वर्षं त्या होडीचा आवाज ऐकत मी काम करतेय. एका बिल्ल्यात दोघं गेले असते."

"तुला कळलंय हे सांगायचं होतंस मला," नावाडी पुटपुटला.

"दर वर्षी विचारलं, त्या दिवशी खरंच वारा होता का. 'सोड ना आता, ताई' म्हणायचास."

निरीक्षक बाईंनी परवाना उचलून त्याच्यापुढे सरकवला. त्यानं हात लावला नाही.

"बाई, माझं लिहून घ्या," तो म्हणाला. "त्या दिवशी वारा नव्हता. झाडाचं पानसुद्धा हललं नाही. तुळया पोकळ होत्या, मी पाहिल्या."

बाई लिहू लागल्या. मावशी वाकून कागदाकडे बघत होती. शब्द न शब्द उतरेपर्यंत ती हलली नाही.

"आता सही कर," ती भावाला म्हणाली. "मग मी यांच्याबरोबर जाते."