दम बसल्याशिवाय पाणी नाही

पटलं तर घ्या, पण यातलं एक अक्षरही बनवलेलं नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. छावणीपलीकडची नवी कॉलनी. पूर्वी तिथं रेसकोर्स होतं. आता कॉलनीचा रस्ता तेवढा गोल फिरतो.

दुपारचे चार. तनुजाची चार वर्षांची अपेक्षा खेळून धापा टाकत आली. तनुजाने पाण्याचा पेला पुढे केला.

"आत्ता नको. आजोबा नको म्हणतात."

घरात आजोबा नव्हतेच.

पोर पुन्हा बाहेर पळाली आणि गोल रस्त्यावर चालू लागली... एक हात वर धरून. जणू कुणाचं तरी बोट धरलंय.

रोज हेच. ओठ सुकायचे, पण पाणी नाही. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडली. सलाईन लावावं लागलं.

"पाणी पाजा हो, ऊन बघताय ना?" डॉक्टर चिडले.

पाचव्या दिवशी तनुजा पेला घेऊन तिच्या मागे निघाली. रस्ता रिकामा.

आणि अगदी कानाशी... घोडं फुरफुरलं.

गेटवरच्या म्हाताऱ्या धोंडिबाने पोरीचा तो वर धरलेला हात पाहिला आणि तो उठून जवळ आला.

"असंच फिरवायचा आमचा बद्री. माझा थोरला भाऊ, इथंच मोतद्दार, घोडी सांभाळायचा. शर्यत पळून आलेल्या घोड्याला लगेच पाणी नाय द्यायचं, ताई. आधी फिरवायचं, दम बसू द्यायचा. नायतर पोटशूळ उठून मरतं जनावर."

"मग?"

"त्याची घोडी तशीच मेली. त्याला काढलं. पुढं रेसकोर्सबी बंद झालं. मोकळा दोर धरून फिरायचा, मरेपर्यंत."

त्याने तनुजाच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं.

"पाणी मी पाजलं होतं. लई धापा टाकत होती, बघवलं नाय. त्यानं माझं नाव सांगितलं नाय... आन् मीबी नाय."

त्याने हात अपेक्षाच्या छातीवर ठेवला.

"बद्री, दम बसला रे हिचा. पिऊ दे लेकराला."

पोरीचा हात हळूच खाली आला. ती घटाघटा दोन पेले प्यायली. तनुजाला रडू आवरेना.

"माझ्यावर चिडलाय का गं तो?" धोंडिबाने विचारलं.

अपेक्षाने त्याच्या मागे पाहिलं.

"ते घोडीकडे बघतायत. ती अजून धापा टाकतेय."

अपेक्षा आता पाणी पिते. धोंडिबा मात्र रोज भर उन्हात त्या रस्त्यावर फेऱ्या मारतो. तनुजा त्याला पाणी नेऊन देते.

तो घेत नाही.