उंबऱ्यावरचं अंडं

बस इथं. शेंगा सोलता सोलता सांगते. मी वेडी नाही, एवढं मात्र आधीच ऐकून ठेव.

बंडखोर आले तेव्हा गावात तिळाची काढणी चालली होती. भर दुपारी शेतातून माझी लेक आचिरो नेली, धाकट्या बहिणीची, लान्येरोची, पिलोया नेली. दोघी दहा-अकराच्या. आचिरोला एक खोड होती. मागून गुपचूप यायची आणि माझा पांढरा केस उपटायची. मी ओरडायची.

रानातून, मारामारीतून परत आलेल्यानं उंबऱ्याशी ठेवलेलं अंडं पायानं फोडायचं, मगच घरात यायचं, ही आमची रीत. लान्येरो रोज सकाळी अंडं ठेवायची. मीही ठेवलं, वर्षभर. मग सोडून दिलं. रोज ते रिकामं दार बघवेना.

"चार वर्षं झाली गं," मी तिला टोचायची. "तुझी कोंबडी तरी थकेल."

"थकू दे. मी नाही थकत."

परवा दुपारी तिला तीळ द्यायला गेले. ती पाण्याला गेलेली. उंबऱ्यावरचं अंडं बघून माझं डोकंच फिरलं. उचललं, तिच्याच चुलीवर उकडलं आणि खाऊन टाकलं. म्हटलं, सुटेल एकदाची.

टरफलं टाकायला वळले, तर दारात पिलोया. उंची तेवढीच. फ्रॉक तोच पिवळा, नेली तेव्हाचा. पाय धुळीनं माखलेले. ओल्या गवताचा वास आला, आणि अंगणात तर गवताची काडी नव्हती.

"मावशी... अंडं कुठंय?"

माझ्या तोंडात अजून घास होता. "ये बाळा, तशीच ये..."

तिनं मान हलवली. "तसं नाही ना चालत..."

मी धावत घरी गेले, कोंबडीखालचं अंडं घेऊन आले. अंगण रिकामं. लान्येरो घागर घेऊन उभी. सगळं सांगितलं. वाटलं, मारेल मला. तिनं अंडं घेतलं, फडक्यानं पुसून उंबऱ्यावर ठेवलं आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

काल सकाळी ते फुटलेलं होतं. बलकाचं छोटं पाऊल आत गेलेलं, बाहेर आलेलं एकही नाही. लान्येरो दोन वाडगे मांडून बसली होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पिलोया सांगते, आचिरो रोज तुझ्या दारापर्यंत येते... अंडं नसतं, म्हणून परत जाते."

तीन वर्षं गं! पोर दारातून परत फिरत होती आणि मी आत जेवत होते, झोपत होते. काल घरी आले ती आधी दारात अंडं ठेवलं.

आज सकाळी फुटलेलं होतं.

तुझे दोन्ही हात शेंगांतच आहेत ना? मग... आई गं! उपटला बघ एक.

उठू नकोस. माझ्या मागेही बघू नकोस, घाबरेल ती.

उपट गं बाळा. आता मी नाही ओरडणार.