मनीचा उजवा डोळा

बकुळेच्या घरात सवतीचा फोटो नव्हता. लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं ते मुद्दाम बघून घेतलं होतं. भिंतीवर नाही, कपाटात नाही. होती ती बाहेरच्या खोलीतली काचेची टाकी, आणि टाकीत वीतभर लांबीचा काळा कॅटफिश. सलोनीनं, म्हणजे हितेशच्या पहिल्या बायकोनं, तापात जायच्या आदल्या वर्षी तो आणला होता. मिशा बघून नावही तिनंच ठेवलं, मनी. आता माशाचा कुणी मत्सर करतं का? बकुळा करायची. अगदी पोटभर करायची.

हितेश मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. घरी आला की हात धुणार, टाकीशी जाऊन बारीक शीळ घालणार, मासा दगडाखालून निघून काचेशी येणार, आणि मग कुठे या माणसाला बायको दिसणार.

नवरात्राच्या सुमाराला मनीचा उजवा डोळा सुजला. चांगला बाहेर आला, वर पांढरा पडदा, कालवणातल्या माशाच्या डोळ्यावर असतो तसा. झालं. हितेशचं जेवणातलं लक्ष उडालं. रोज थोडं पाणी बदलायचं, मीठ विरघळवून घालायचं, ओल्या फडक्यात मनीला अलगद उचलायचं आणि दुकानवाल्यानं दिलेल्या औषधाचे दोन थेंब डोळ्यावर सोडायचे. ग्रीसनं काळी झालेली ती राकट बोटं इतकी हळू चालू शकतात, हे बकुळेला ठाऊकच नव्हतं. मे महिन्यात तिचे डोळे आले होते, तेव्हा हाच म्हणाला होता, "मेडिकलमधून ड्रॉप आण नि घाल."

मग हर्णैला एका बोटीचं इंजिन खोलायचं काम निघालं.

"औषध तू घाल हां," निघताना तो म्हणाला. "हात आधी ओला कर. कोरड्या हाताचा तिला त्रास होतो."

"आणि मला कशाचा त्रास होतो, ते?"

तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा करतेय.

दुसऱ्या दिवशी बकुळेच्या अंगात कणकण होती. ती पडूनच होती. फोन वाजला, हितेशचा.

"मनीचा डोळा कसा आहे गो?"

"बरा आहे."

"बरं," म्हणाला, आणि ठेवला.

ती उठली. मासा झाकणाच्या डब्यात घेतला, डबा पिशवीत घातला, रिक्षा केली आणि भाट्याच्या पुलाजवळ उतरून खाडीच्या काठाशी गेली. भरती लागली होती. गोड्या पाण्यातला मासा खाऱ्या पाण्यात किती टिकतो, हे बंदरावर वाढलेल्या पोरीला कुणी सांगायला नको. तिनं डबा उलटा केला. मासा एकदा पोट वर करून फिरला आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. खोटं कशाला सांगायचं, तिला हलकं वाटलं.

परतताना एसटी स्टँडजवळच्या दुकानातून तिनं त्याच जातीचा दुसरा मासा घेतला. रंग तोच, मिशा त्याच, दोन्ही डोळे स्वच्छ. जरा लहान होता, पण इंजिनवाल्या माणसाला काय कळतंय.

हितेश आला. हात धुतले, शीळ घातली. नवा मासा दगडाखालून निघाला आणि सरळ काचेशी आला.

 बकुळेनं मनाला समजावलं, खायला मिळेल म्हणून सगळेच मासे येतात.

हितेशनं वाकून बराच वेळ बघितलं. "पडदा गेला," तो म्हणाला, आणि तिच्याकडे वळला. "तुझ्या हाताला गुण आहे गो."

त्या दिवशी जेवताना त्यानं आपल्या ताटातली सुरमईची तुकडी उचलून तिच्या ताटात ठेवली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बकुळेला ते घर आपलं वाटलं. पुढचे काही दिवस ती गाणी गुणगुणत भांडी घासत होती.

मासा मात्र वाढत होता. आठवडाभरात कुठला मासा इतका वाढतो? टाकीच्या काचेवर, पाण्याच्या कडेला, मिठाची पांढरी रेघ धरू लागली. हितेशनं मीठ घालणं केव्हाच बंद केलं होतं. बकुळेनं रेघ पुसली, पाणी बदललं, नळाचंच घातलं. दुपारपर्यंत खोलीला ओहोटीच्या चिखलाचा वास यायला लागला.

"वास येतोय का हो?"

"कसला?" हितेश म्हणाला.

मग डोळा सुजला. उजवाच. वर पांढरा पडदा.

हितेश मुळीच घाबरला नाही. रविवारी सकाळी त्यानं औषधाची बाटली आणली आणि टाकीशी उभा राहिला. काचेवर लख्ख ऊन होतं.

"तूच धर तिला," तो म्हणाला.

नाही म्हणायला कारण सापडेना. बकुळेनं हात पाण्यात घातला. फडकं लागलंच नाही. मासा आपण होऊन आला आणि तिच्या तळव्यावर आडवा झाला. जड होता.

त्याचे कल्ले उघडले. आतून बारीक काळी रेती निघाली आणि तिच्या बोटांच्या बेचक्यांत साचली.

तिनं हात मागे घेऊन बघितला. हात निघेना.

तिनं हितेशकडे पाहिलं. तो माशाकडे बघत होता. त्याचा इतका मऊ आवाज तिच्या वाट्याला कधी आला नव्हता.

"हात सैल धर गो," तो म्हणाला. "भाट्यापासून पोहत आलीय. दमलीय ती."