नाते : आहे / नाही

“सर आले नाहीत वाटतं. पळायचं का?” वर्गात एकट्याच बसलेल्या माणसाला मी विचारलं.

“सर आलेत,” तो म्हणाला. “पण पळायला माझी हरकत नाही.”

मी जीभ चावली. अशी आमची ओळख झाली.

कार्यालयात नवा नियम आला होता. लोकांसमोरच्या खिडकीवर बसायचं तर दुसरी सरकारी भाषा यायलाच हवी. तीन महिन्यांनी परीक्षा. नापास झालात तर खिडकी जाणार, तळघरातली रेकॉर्ड रूम मिळणार आणि वर्ग पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्यांनी वयाची, गुडघ्यांची कारणं सांगून सूट मिळवली. उरले मी. मला हसूच आलं. घरी एका भाषेत बोलायला कुणी नाही, आणि सरकार मला दुसरी शिकवतंय!

मंगळवार, गुरुवार. “काल संध्याकाळी काय केलंत?” तो त्या भाषेत विचारायचा.

“कपडे… वाळत घातले.”

“कुणाशी बोललात?”

“कुणाशीच नाही.”

“रोज हेच उत्तर?”

“शब्द तेवढेच येतात ना, सर…”

यावर तो हसायचा नाही. नुसता खडू बोटांत फिरवत राहायचा. त्या दोन दिवसांसाठी मी उरलेले पाच कसेबसे ढकलायची.

परीक्षा तोंडी, परीक्षकही तोच. पास झाले की वर्ग संपला. म्हणून मी नापास व्हायचं ठरवलं. खिडकी गेली तर गेली, मंगळवार तरी राहील.

पण परीक्षेच्या दिवशी त्याने प्रश्नच विचारला नाही.

“मला तुमची परीक्षा घेता येणार नाही.”

“माझं काही चुकलं?”

“गेला आठवडाभर मुद्दाम चुकताय, ते कळलंय मला. पण कारण ते नाही.” त्याने फॉर्म पुढे सरकवला. ‘परीक्षकाचे उमेदवाराशी वैयक्तिक नाते : आहे / नाही’. त्यातल्या ‘नाही’वर त्याने काट मारली होती.

“असं असलं की दुसरे परीक्षक येतात,” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “त्यांच्यापुढे नीट बोला. खिडकी सोडू नका.”

“आणि मंगळवार?”

“वर्ग नसेल. मी असेन… तुम्ही म्हणालात तर. खोटं लिहिलंय असं वाटलं, तर फाडून टाका. दुसरा फॉर्म आणलाय मी.”

खरंच आणला होता. इतका घाबरला होता बिचारा!

वरील माहिती खरी असल्याबद्दल खाली उमेदवाराची सही हवी होती.

मी पेनासाठी हात पुढे केला.