कृष्णातचा टाक

विट्याचे दादासो गलाईवाले, सोनंचांदी गाळणारे. लढाई थांबून सहा महिने झाले होते, तेव्हाच्या एका दुपारी लेंगरे गावची मनुबाई त्यांच्या भट्टीपाशी पोत्यावर येऊन बसली. तिला पलटणीत गेलेल्या लेकाचा, कृष्णातचा टाक करून घ्यायचा होता. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त उठवून देव्हाऱ्यात बसवायची, ही रीत. पण कृष्णात गेला असं कुणी सांगितलंच नव्हतं. ब्रह्मदेशातून आलेल्या कागदावर नुसतं ‘बेपत्ता’ होतं.

“भावकी म्हणती, दोन वरसं झाली, टाक बसीव. पर दादासो, जित्या लेकराचा टाक झाला तर वो?”

“मावशे, करायचा का न्हाई ते बोल. भट्टी कोळसा खाती माझी.”

तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. तान्हेपणीचे चांदीचे वाळे, आणि शिशासारखा चकाकणारा एक काळा खडा.

“त्याच्या बिनतारी रेडूचा हाय. रजेवर आला की ह्याला तार टेकवून गाणी ऐकवायचा मला. ह्यो बी घाला.”

“आगं, चांदी नासंल!”

“नासू दे. माझं काय नासायचं ऱ्हायलंय?”

दादासोंना गलबलून आलं. त्या नादात वाळे आणि खडा घातलेली मूस भट्टीत गेली आणि आधी लोहचुंबक फिरवून मुशीतला कानशीचा लोखंडी कीस काढायचा राहिला. रस झाल्यावर आठवलं. वितळल्यावर लोखंडसुद्धा चुंबकाला ओळख देत नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी सवयीनं चुंबक मुशीवर धरला.

रस एका अंगाला फुगून उभा राहिला. चुंबकाकडं पाठ करून, उगवतीकडं.

त्यांनी चुंबक बाजूला ठेवला. फुगवटा बसला नाही. सांडशीनं मूस फिरवली. रस आतल्या आत वळून पुन्हा उगवतीला झुकला.

“तिकडंच गेलाय त्यो,” मनुबाई पुटपुटली.

मग फुगवटा मुशीच्या काठाकाठानं सरकू लागला. सावकाश, पायी चालणाऱ्यासारखा. पेठेच्या अंगाला आला. तिथून रस्त्याला.

“येतोय! माझा कृष्णा जिता हाय वो!” ती दाराशी धावली.

रस्ता रिकामा होता. ऊन तेवढं पडलं होतं.

ती रडत परत येऊन पोत्यावर बसली.

रस दाराकडं वळला. उंबऱ्यापाशी घुटमळला.

दादासोंनी भाता सोडला. रस थिजेना.

फुगवट्याचा रोख घरात आला. मनुबाईच्या डाव्या अंगाला येऊन थांबला.

तिचं रडणं थांबलं. तिनं पदर आवरला, पोत्यावर जरा सरकून जागा केली.

“बस,” ती म्हणाली. “किती वाळलायस रं.”

बराच वेळ ती त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. मग मान न वळवता हलकेच बोलली,

“दादासो, आता करा टाक.”